बायनॉक्युलर, डॉब, स्मार्ट दुर्बीण की पेंचची एक रात्र? गावाकडून आकाश बघायचं तर

आमच्या वाचनालयाच्या मंडळाने दिवाळीनंतर वर्गणी गोळा केली आणि मला विचारलं, "गुरुजी, पोरांसाठी दुर्बीण घ्यायची म्हणतो, कोणती घ्यावी?" पैसा बेताचाच होता, अपेक्षा मात्र भलतीच मोठी. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेले, त्यामुळे शाळेच्या गच्चीवरून तसंच काही दिसेल असा सगळ्यांचा समज. हाच प्रश्न आजूबाजूच्या गावांतूनही येतो, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

तुलना करायची तर एकच वस्तू धरावी. मी लगून तेजोमेघ घेतो. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधला वायू आणि धुळीचा प्रचंड ढग. तो धनु राशीत आहे, सुमारे चार हजार प्रकाशवर्षं दूर. आपल्याकडे मे महिन्यात उकाड्याने सगळे अंगणात बाज टाकून झोपतात, तेव्हा मध्यरात्र उलटली की तो दक्षिणेकडे चांगला वर येतो. अंधार असेल तर नुसत्या डोळ्यांनाही पुसटसा डाग दिसतो.

याच लगूनचं चित्र चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं, शेजारच्या ट्रायफिड तेजोमेघासकट. गुलाबी, निळ्या वायूचे लोट आणि त्यांत काळ्या धुळीच्या शिरा. त्या वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा. सात तासांहून थोड्या जास्त वेळात घेतलेली ६७८ छायाचित्रं एकावर एक रचली, तेव्हा ते एक चित्र झालं. आपला डोळा असा प्रकाश साठवून ठेवत नाही. शिवाय अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ झोपलेल्या असतात, त्यामुळे अंधुक वस्तू राखाडीच दिसते. जेम्स वेबची गोष्ट आणखी वेगळी. ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाशात बघते. तो आपल्याला मुळी दिसतच नाही, म्हणून चित्रातले रंग तरंगलांबीप्रमाणे नंतर दिलेले असतात. फोटो खोटे नाहीत, पण दुर्बिणीला डोळा लावून ते शोधायला गेलात तर पहिल्याच रात्री हिरमोड होईल. आमच्याकडे एक पोरगा बोललाच, "गुर्जी, हे त धुकट हाय."

आधी बायनॉक्युलर. १०×५० घ्या, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारा आणि ५० मिलिमीटर भिंगाचा. अंधारात आपल्या डोळ्यातली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, त्या हिशोबाने हा डोळ्याच्या पन्नास पट प्रकाश गोळा करतो. कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांना सहा-सात चांदण्या दिसतात, यातून पन्नासेक मोजता येतात. हात भिंतीला नाहीतर खांबाला टेकवले तर गुरूचे चार चंद्र दिसतात. लगून म्हणजे राखाडी लांबट ढग आणि त्यात बारीक चांदण्यांचा पुंजका. शनीची कडी मात्र यातून दिसत नाहीत, दुकानदार काहीही सांगो. किंमत काही हजारांत. आणि ही वस्तू कधी पडून राहत नाही. हिवाळ्यात हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला जाता, लाईन येईपर्यंत बांधावर बसावंच लागतं. तेव्हा गळ्यात बायनॉक्युलर असला तर मृगातली तिफण (शहरात तिला मृगाचा पट्टा म्हणतात) आणि तिच्याखालचा तेजोमेघ आरामात बघून होतो. दिवसा पाखरंही बघता येतात.

यानंतर लोक ज्यात फसतात, त्याबद्दल. खोक्यावर '६७५ पट' छापलेली, लांब नळीची, डगमगत्या तिवईवरची दुर्बीण. मीही अशीच घेतली होती, नाव सांगत नाही. ६० मिलिमीटरच्या भिंगाला सव्वाशे पटींच्या पलीकडे काही अर्थ उरत नाही, चित्र नुसतं मोठं आणि गढूळ होतं. तिवई तर वाऱ्याने इतकी हलायची की चंद्र सापडला तरी पोरांना दाखवेपर्यंत पळालेला. दोन महिन्यांनी ती माळ्यावर गेली आणि अजून तिथंच आहे.

खरी दुर्बीण घ्यायची तर सहा इंची डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब), म्हणजे लाकडी बैठकीवर तोफेसारखी ठेवलेली आरशाची नळी. किंमत बायनॉक्युलरच्या कितीतरी पट, पण प्रकाश डोळ्याच्या साडेचारशे पटींहून जास्त. शाळेसाठी, मंडळासाठी माझं मत हिलाच आहे. शनी दाखवला की मोठी माणसंही "खोटं आहे, आत चित्र चिकटवलंय" म्हणतात आणि नळीच्या तोंडाशी जाऊन वाकून बघतात. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याकडे काठाने वळली होती, त्या वर्षी नुसती रेघ दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील, तेव्हा घ्यायला वेळ बरी आहे. लगूनमध्ये ढगाला मधोमध चिरणारी काळी पट्टी दिसते. त्याचं नाव लगून, म्हणजे खाजण, कशावरून पडलं ते तेव्हा कळतं.

चंद्राची तर बातच वेगळी. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त रुंद आहे. तेवढं विवर चंद्रावर असेल तर सहा इंची आरशातून ते जेमतेम ठिपक्याएवढं ओळखू येईल. हे सांगितलं की लोणारची सहल करून आलेली पोरं मोठमोठी विवरं बघताना गप्पच होतात.

आणि एक गोष्ट, जी लडाखवाल्यांनाही हेवा वाटावा अशी. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलाकार पुंजका दक्षिणेकडे आहे. लडाखमधल्या हानले गावी दोन मीटरची दुर्बीण आहे, साडेचार हजार मीटर उंची आहे, काळंकुट्ट आकाश आहे, पण तिथून तो क्षितिजापासून दहा अंशांच्या आसपासच वर येतो. आपल्याकडून वीस अंशांच्या वर. एप्रिल-मे महिन्यात डॉब त्याच्याकडे वळवा. आधी धुरकट गोळा दिसतो. नजर स्थिरावली की खळ्यात सांडलेल्या ज्वारीसारखे दाणे सुटे व्हायला लागतात.

डॉबचे त्रासही आहेत. वजन पंधरा किलोच्या आसपास, मोटरसायकलवर नेता येत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी नजरेतून सरकत राहतो आणि दर दुसऱ्या पोराला तो परत आणून द्यावा लागतो. पावसाळ्यात नीट ठेवली नाही तर आरशाची वाट लागते. सांभाळायला एक जबाबदार माणूस हवा. तसा माणूस नसेल तर घेऊच नका.

स्मार्ट दुर्बिणीबद्दल माझं मन जरा द्विधा आहे. तीन ते पाच सेंटिमीटरचं भिंग, आत कॅमेरा. लगून स्वतःच शोधते, दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचत जाते, आणि दहा मिनिटांत मोबाइलवर लगून गुलाबी होतो. रुबिन वेधशाळा जे मोठ्या प्रमाणावर करते, तेच हे यंत्र बशीएवढ्या जागेत करतं. पण मग पंचवीस माणसं आकाशाखाली उभी राहून माना खाली घालून मोबाइल बघतात, ते मला खटकतं. ग्रहांसाठी ती जवळजवळ निरुपयोगी, शनी तिळाएवढा. तरी एका पाहुण्याने अशी दुर्बीण आणली होती, तेव्हा शेजारच्या आजींनी पहिल्यांदा तेजोमेघ पाहिला. मोतीबिंदूमुळे बायनॉक्युलरमधून त्यांना काहीच कळत नव्हतं. फोटोचा नाद असेल, किंवा गावावर शहराचा उजेड पसरलेला असेल, तर ही घ्या.

काहीच विकत न घेता एक रात्र पेंचला काढणं हाही पर्याय आहे, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला मी बहुतेक हाच सुचवतो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या रात्रीचा अंधार जपणाऱ्या संस्थेने डार्क स्काय पार्कचा दर्जा दिला. भारतातलं पहिलं, आशियातलं पाचवं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला, आणि वाघोली तलावाजवळ आकाश बघायची सोय केली. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने दोनेक तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, अमावास्येच्या आसपास जा, स्वेटर घ्या, वनखात्याकडे आधी चौकशी करा. पावसाळ्यात कुठेच काही दिसत नाही. तेव्हा पोरांना नागपूरच्या रामन विज्ञान केंद्राचं तारांगण दाखवा, आणि रुबिनची चित्रं प्रोजेक्टरवर मोठी करून लावा. ती बघायची हीच वेळ.

आमच्या मंडळाने शेवटी एक डॉब आणि दोन बायनॉक्युलर घेतले. पहिल्या रात्री मात्र निम्मं आकाश देवळासमोरच्या हायमास्टने धुऊन नेलं, आणि त्याच्या पेटीची चावी कोणाकडे हे शोधण्यात तास गेला. तुम्ही काहीही घ्या, पण हा तपास दिवसाउजेडी करून ठेवा.