टेक्श्चर थीम घेताय? पेस्टचे थर की फ्रोटाज

चित्रकलेच्या ग्रुप चॅलेंजला टेक्श्चर, म्हणजे पोत, ही थीम ठरली की लगेच दोन गट पडतात. एकाला खराखुरा उंचसखल थर हवा असतो, म्हणजे इम्पास्टो (रंगच जाड थापायचा) नाहीतर मॉडेलिंग पेस्ट (उठाव आणायची घट्ट पेस्ट), आणि दुसऱ्याला फ्रोटाज, खरखरीत वस्तूवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा उठवायचा. मी दोन्ही केलंय, एकट्याने पण आणि ग्रुपसोबत पण.

पेस्टची मजा वेगळीच, त्यात वादच नाही. पॅलेट नाइफने थर ओढला की कडेला जी धार उभी राहते ना, ती पूर्ण सुकू द्यायची आणि मग कोरड्या ब्रशने अगदी किंचित फिकट रंग वरून फिरवायचा, रंग फक्त टोकांवर बसतो, खाचा गडदच राहतात, हात लावल्याशिवाय राहवत नाही. आता जाड थर एकदम दिला तर तडे जातात, पातळ कागद वाकडा होतो, बोर्ड घ्यावा लागतो, सुकायची वाट बघावी लागते, पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

मला खटकलं ते फोटोचं. चॅलेंजमध्ये एकमेकांचं काम शेवटी फोटोतच बघतात सगळे, आणि फोनने समोरून फ्लॅश मारून फोटो काढला की सावल्याच गायब, एवढ्या मेहनतीचा थर नुसता सपाट डाग दिसतो. उजेड एका बाजूने तिरका आला तरच उठाव कळतो. हे ग्रुपमध्ये कितीही वेळा सांगा, बरेचसे फोटो समोरूनच येतात, आणि ज्याने जीव ओतून काम केलंय त्याच्याच चित्रावरून लोक सरळ पुढे जातात. हे मला खरंच फार लागलं.

फ्रोटाजमध्ये ठसा मुळातच सपाट, त्यामुळे कागदावर जे आहे तेच फोटोत. चित्रकार मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये जमिनीच्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून असे ठसे घेतले आणि त्या रेषांमधून त्याला जंगलं, प्राणी दिसायला लागले. चॅलेंजला मला हेच आवडतं, झाडाच्या एकाच सालीचा ठसा दहा जणांना द्या, प्रत्येकाला त्यात वेगळंच काहीतरी दिसतं. सामान पण काय, पातळ कागद आणि ६बी, म्हणजे मऊ गडद पेन्सिल, आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. कागद मात्र टेपने नीट चिकटवा, जरा सरकला की ठसा दुहेरी उठतो. झाडाच्या सालीवर टोकदार पेन्सिलीने कागद फाटतो, तिथे मेणाचा खडू बरा.

रंगात रमणाऱ्यांना फ्रोटाज थोडं कोरडं वाटेल, ते मान्य. आणि तुमचा ग्रुप प्रत्यक्ष भेटून चित्रं हातात घेऊन बघणार असेल तर पेस्टच घ्या, तिथे तिला तोड नाही. नाहीतर मी तरी फ्रोटाजच सुचवेन, फक्त एक नियम ठेवा, नुसता ठसा टाकून थांबायचं नाही, त्यात जे दिसेल ते स्वतःच्या रेषांनी पुढे न्यायचं.