नाशिक ते पुणे: सामान पोचवणारे उत्तम, जोडणी करणारे बेताचे

गेल्या मे महिन्यात आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमधले घर सोडून पुण्यात कोथरूडला भाड्याच्या घरात राहायला आलो. त्यासाठी एका मध्यम आकाराच्या पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीची सेवा घेतली. पॅकिंग आणि वाहतुकीचे 26,000 रुपये, नव्या घरात सामान उघडून जोडून देण्याचे वेगळे 4,500 रुपये, असा व्यवहार ठरला. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही आणि जे सांगायचे आहे ते या एकाच कंपनीपुरते आहे असेही मला वाटत नाही.

आधी कौतुक, कारण ते खरोखरच करण्यासारखे आहे. नाशिकला सकाळी आठ वाजता पाच माणसे आणि एक मुकादम आले. मुकादमाने खोकी बांधायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक खोलीत फिरून यादी लिहिली, ज्या वस्तूंवर आधीपासून ओरखडे होते त्यांची माझ्यासमोर नोंद केली आणि खोक्यांना 1 ते 61 असे क्रमांक दिले. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी न रचता उभी लावली, कारण हादरा बसला की आडव्या ताटल्यांवर वरचा सगळा भार येतो, हे त्याने सासूबाईंना शांतपणे समजावून सांगितले. फ्रिज टेम्पोत उभाच ठेवला. आमच्या पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे चार ट्रान्झिट बोल्ट मी सहा वर्षे एका पिशवीत जपून ठेवले होते. ते त्याने स्वतः मागून घेतले आणि मशीनच्या पाठीमागे बसवले. हे बोल्ट आतला ड्रम जागच्या जागी आवळून धरतात, म्हणजे रस्त्यात तो हिंदकळत नाही. इतकी बारीक काळजी घेणारा माणूस पाहून मी निर्धास्त झाले, आणि तिथेच थोडी चुकले.

पैसे देण्याआधी पावतीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा त्यात ‘माल मालकाच्या जोखमीवर’ अशी ओळ होती. विमा हवा असेल तर सामानाच्या घोषित किमतीच्या तीन टक्के वेगळे भरावे लागतील, असे कंपनीने सांगितले. ते आम्ही भरले, आणि यादीत प्रत्येक वस्तूची किंमत लिहायला लावली. फोनवर ‘इन्शुरन्स आहे ना हो, काळजी नको’ एवढेच सांगितले जाते. पॉलिसीचा कागद हातात पडल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नसतो. भरलेला गॅस सिलिंडर या गाड्यांमधून नेत नाहीत, त्यामुळे नाशिकच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून, अनामत परत घेऊन, कनेक्शन बंद केल्याचा टर्मिनेशन व्हाउचर घेतला होता. पुण्यात तो दाखवून नव्या दराने अनामत भरली की कनेक्शन पुढे चालू राहते.

संगमनेर, नारायणगाव, चाकण करत गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी आली आणि तासभर तिथेच उभी राहिली. यात कंपनीचा दोष नाही. भाडेकराराची नोंदणीकृत प्रत आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पावती दाखवल्याशिवाय सामानासाठी लिफ्ट मिळणार नाही, असे सोसायटीच्या कार्यालयाने सांगितले आणि आमच्या प्रती नेमक्या 14 क्रमांकाच्या खोक्यात होत्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो व तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. आमच्या मालकांनी ते काम आधीच केले होते, म्हणून त्यांनी फोनवर प्रत पाठवताच सुटका झाली. घर बदलताना कागदांची एक फाइल खांद्यावरच्या पिशवीत असावी, हे मला ठाऊक होते, तरीही घोटाळा झाला.

खरी गडबड त्यानंतरची. नाशिकचा मुकादम सामानासोबत आलाच नव्हता. पुण्यात उतरवून घेणारी आणि जोडणी करणारी माणसे कंत्राटावरची निघाली आणि त्यांच्याकडे यादीपलीकडची कोणतीही माहिती पोचलेली नव्हती. एकाने बांधलेली गाठ दुसऱ्याने सोडायची, तर ती कशी बांधली हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. वॉशिंग मशीनला त्यांनी नळ जोडला, प्लग लावला, सुरू करून दाखवले, माझी सही घेतली आणि ते पुढच्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी ड्रम जोरात फिरू लागताच मशीन थरथरत भिंतीपासून चांगले हातभर पुढे सरकले. चारही बोल्ट आतच होते. ते काढल्यावर मशीन चालते आहे, पण आता त्याचा आवाज पूर्वीसारखा नाही आणि मेकॅनिकने सस्पेन्शन बदलण्याचा खर्च सांगितला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. आमचा गॅस गिझर नाशिकला ड्राय बाल्कनीत, म्हणजे उघड्या हवेत, लावलेला होता. इथे जोडणाऱ्या मुलाने मला न विचारता तो न्हाणीघराच्या आत टांगला, कारण पाण्याचे पॉइंट तिथे सोयीचे होते. मी पाहिले तेव्हा टाइलमध्ये दोन भोके पाडून झाली होती. बंद न्हाणीघरात गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत तो बेशुद्ध पडतो. मी त्या मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, सगळे असेच लावतात.” गिझर मी तिथल्या तिथे उतरवून घेतला. त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याला कोणी काही शिकवलेलेच नव्हते. राग आला तो 4,500 रुपयांच्या पावतीवर ‘प्रशिक्षित तंत्रज्ञ’ असे छापणाऱ्यांचा.

शेगडीचेही तसेच झाले. त्यांनी जुनी रबरी नळी नेटकी अडकवून दिली आणि शेगडी ओट्यावर मांडली. तिसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस सिलिंडर घेऊन आला, त्याने नळी उलटी करून तिच्यावर छापलेले 2017 हे वर्ष मला दाखवले आणि ती बदलल्याशिवाय सिलिंडर जोडायला साफ नकार दिला. या नळ्या पाच वर्षांनी बदलायच्या असतात. नवी नळी बसवल्यावर त्याने सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिले, आणि गळतीसाठीचा 1906 हा क्रमांक ओट्याच्या वर चिकटवून दिला. वीस मिनिटांचे त्याचे काम जोडणीवाल्यांच्या साऱ्या दिवसापेक्षा मोलाचे होते.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी दूध उतू घालवण्याचा आग्रह धरला. “अगं, दूध उतू गेल्याशिवाय चहा टाकू नकोस हो,” असे त्या तीन दिवस सांगत होत्या. दूध छान उतू गेले, त्याबरोबर बर्नरही विझला आणि वास सुटला. बटण लगेच बंद केले. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वरची खिडकी उघडण्यावर न थांबता बाल्कनीचे दारही सताड उघडले, आणि वास पुरता जाईपर्यंत दिव्याच्या बटणाला कोणी हात लावला नाही. मग सासूबाईंनी पूर्वेला हात जोडले.

कुलूप बदलणे कंपनीच्या पॅकेजमध्ये नव्हते. ते आम्ही मालकांना विचारून पहिल्याच दुपारी बदलले, कारण आधीच्या भाडेकरूंच्या किती किल्ल्या कोणाकडे आहेत हे मालकांनाही सांगता येईना. मीटरशेजारच्या पेटीतल्या आरसीसीबीचे टेस्ट बटणही त्याच वेळी दाबून पाहिले. खटका पडला नाही, म्हणजे शॉक लागण्याच्या वेळी वीज तोडणारे हे यंत्रच निकामी होते. मालकांनी दुसऱ्या दिवशी नवे बसवून दिले.

नाशिक ते पुणे सामान आणण्यासाठी मी याच कंपनीला पुन्हा बोलावीन. 61 खोक्यांमध्ये एक बरणी सोडली तर काही फुटले नाही. जोडणीचे पैसे मात्र देणार नाही. वॉशिंग मशीनसाठी मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस आणि बाकीच्यासाठी सोसायटीतल्यांच्या माहितीतला इलेक्ट्रिशियन व प्लंबर बोलावीन, मग दोन दिवस जास्त गेले तरी चालतील. नुकसानीबद्दल फोनवर आठ वेळा बोलून झाल्यावर मी स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली आहे, कारण रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे वाहतूकदाराला ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते आणि फोनवरचे बोलणे त्यात धरत नाहीत. न्हाणीघराच्या टाइलमधली ती दोन भोके अजून तशीच आहेत. घर सोडताना मालक त्यांचे पैसे अनामत रकमेतून कापतील, म्हणून तोही आकडा मी नोटिशीत घातला आहे.