ग्राफीनच्या ग्रेडेड प्लेटा आणि रबाळ्याची प्रयोगशाळा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कारखान्यात विजेच्या पेट्यांची झाकणे तयार होतात. पृष्ठभागावर स्थिर विद्युत साचू न देणारे, पण जाडीतून रोधक राहणारे झाकण एका गिऱ्हाइकाने मागितल्यामुळे आम्ही ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ चकत्यांची पूड, मिसळलेल्या इपॉक्सी रेझिनच्या प्लेटा ओतल्या आणि त्यांच्या चाचण्या जुलैमध्ये रबाळे एमआयडीसीतील एका खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतल्या. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या घोटाळ्यात निम्मी चूक माझीही होती.

आधी नमुन्यांविषयी. एकपदरी ग्राफीनचा यंग गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) सुमारे १ टेरापास्कल, म्हणजे साध्या इपॉक्सीच्या तीनशे पटींहून अधिक असला, तरी रेझिनमध्ये मिसळल्यावर त्याचा अल्पसा अंशच हाती लागतो. चकत्या आडव्यातिडव्या पडतात, एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि भार रेझिनकडून चकतीपर्यंत पुरता पोचत नाही. त्यामुळे महागडी पूड सगळीकडे सारखी पसरण्याऐवजी जिथे तिचे काम आहे तिथेच जास्त घालावी, हा ग्रेडेड रचनेचा साधा हिशेब. (गुणधर्म जाडीत क्रमाक्रमाने बदलत नेण्याची ही कल्पना १९८४ च्या सुमारास जपानमध्ये अंतराळयानाच्या उष्णतारोधक कवचासाठी पुढे आली, आम्ही ती पेटीच्या झाकणापर्यंत खाली आणली.) प्लेट वाकते तेव्हा मधला भाग जवळजवळ आराम करतो आणि जाडीचा बाहेरचा एक तृतीयांश, म्हणजे दोन्ही बाजूंचा एक-एक षष्ठांश, वाकण्याविरुद्धच्या ताठपणाचा सुमारे ७० टक्के वाटा उचलतो. आम्ही एकूण ग्राफीन तेवढेच ठेवून तीन प्रकार केले: एकसारखा, दोन्ही पृष्ठांकडे दाट असलेला, ज्याला या विषयात एक्स रचना म्हणतात, आणि एकाच पृष्ठाकडे दाट असलेला.

यांत्रिक चाचण्यांबाबत या प्रयोगशाळेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सी ओलावा शोषते, याची आठवण मला करून द्यावी लागली नाही; तुकडे २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ४० तास ठेवल्यानंतरच यंत्रावर चढले. वाकवण्याची चाचणी एएसटीएम डी ७९० या अमेरिकी मानकाप्रमाणे झाली आणि ३.२ मिलिमीटर जाडीला आधारांमधले अंतर सोळापट, म्हणजे ५१ मिलिमीटर, घेतल्याचे मी स्वतः पट्टीने पाहिले. ताणाच्या चाचणीत एकसारखा प्रकार आणि एक्स जवळपास बरोबरीने चालले, वाकवताना मात्र एक्स स्पष्टपणे पुढे गेला. ग्राफीन तेवढेच असताना असेच व्हायला हवे होते. हा फरक दिसला याचा अर्थ यंत्र, पकड आणि मोजमाप तिन्ही ठीक होते.

गडबड एकाच पृष्ठाकडे दाट असलेल्या तुकड्यांत झाली. तंत्रज्ञाने काही तुकडे दाट बाजू वर, तर काही खाली ठेवून वाकवले. ताठपणात त्याने फारसा फरक पडत नाही. पण तडा ताणाच्या, म्हणजे खालच्या बाजूने सुरू होतो आणि पुडीचा एखादा गोळा तिथे असला तर तिथूनच फुटतो. साहजिकच तुटण्याच्या भाराचे आकडे विखुरले आणि अहवालात त्यांची सरसकट सरासरी छापली गेली. मी विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, वरची बाजू कुठली ते तुकड्यावर खूण करून दिलं असतंत तर आम्ही तसंच ठेवलं असतं.” त्याचे म्हणणे खरे होते.

खरी नाराजी विद्युत चाचणीबद्दल आहे. ५०० व्होल्टचा, रोधकांसाठीचा उपकरणसंच साध्या इपॉक्सीवर उत्तम चालला. ग्राफीनच्या चकत्या एकमेकींना भिडून विजेला वाट मिळाली की मात्र रोध एकदम हजारो-लाखो पटींनी घसरतो, आणि आमच्या दाट पृष्ठावर उपकरण मर्यादेबाहेर गेले. तेव्हा त्यांनी चार टोकांच्या पद्धतीने (बाहेरच्या दोन टोकांतून वीज सोडून आतल्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज पाहतात ती) पृष्ठ मोजले आणि तोच आकडा संपूर्ण प्लेटची रोधकता म्हणून अहवालात लिहिला. ग्रेडेड प्लेटला असा एक आकडा नसतोच. पृष्ठावरून वीज सहज सरकते आणि मधल्या रोधक थरापाशी अडते, आणि गिऱ्हाइकाला नेमके तेच हवे होते. तो अहवाल जसाच्या तसा पुढे गेला असता तर आमचे झाकण आरपार वाहक ठरून नाकारले गेले असते.

दुसऱ्या फेरीत तिथल्या मॅडमनी स्वतः लक्ष घातले. बारीक ब्रशने तुकड्यावर चांदीच्या पेस्टच्या चार रेघा ओढून दोन्ही पृष्ठे वेगवेगळी मोजली, जाडीतून वेगळे मोजले आणि सुधारित अहवाल जादा पैसे न घेता दिला. शिवाय माझ्या विनंतीवरून तुकडा वाकत असतानाच तारा जोडून रोध पाहू दिला: खालचे पृष्ठ ताणले जाऊ लागताच आकडा हळूहळू चढला आणि भार काढल्यावर जवळजवळ मूळ जागी उतरला. दरपत्रकात हे काम नव्हते.

पुढच्या खेपेचे तुकडे तिथेच देणार आहे. या वेळी प्रत्येक तुकड्यावर दाट बाजूची लाल खूण असेल, आणि कुठला रोध कुठून कुठे मोजायचा याचे चित्र मागणीपत्राला जोडलेले असेल.