गुगल अ‍ॅड्सचं सर्च कॅम्पेन, आठ महिन्यांनंतर: क्लिक महाग का होत जातो

सेटअप इथे सांगत नाही, तो सगळ्यांना येतो. प्रश्न एवढाच की कीवर्ड (ज्या शोधशब्दावर जाहिरात लावली तो) तोच, जाहिरात तीच, मग दर महिन्याला क्लिकचा भाव का चढतो?

पहिला संशय स्पर्धकावर जातो. तो ऑक्शन इनसाइट्समध्ये, म्हणजे त्याच लिलावांत आणखी कोण होतं हे दाखवणाऱ्या रिपोर्टमध्ये, तपासता येतो. दोन महिने शेजारी ठेवा आणि नवी नावं आली का, ओव्हरलॅप रेट (तुमच्या जाहिरातीसोबत त्यांचीही किती वेळा दिसली) वाढला का, ते पाहा. वाढला असेल तर कारण सापडलं. नावं तीच आणि भाव मात्र चढलेला, असं असेल तर लोकांनी नेमकं काय शोधलं तेव्हा जाहिरात लागली हे सांगणारा सर्च टर्म्स रिपोर्ट थेट उघडा. या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत उपयोगी आणि सर्वांत संतापजनक गोष्ट हा रिपोर्टच आहे.

'आरओ सर्व्हिस पुणे' हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर (संबंधित शोधांनाही जाहिरात लावणाऱ्या सैल जुळणीवर) ठेवला, की 'नवीन आरओ किंमत' आणि 'आरओ टेक्निशियन जॉब' यांवरही जाहिरात लागू शकते. एक्झॅक्ट मॅच, म्हणजे सर्वांत काटेकोर जुळणी, हासुद्धा २०१८ पासून 'त्याच अर्थाच्या' शोधांना चालतो. अधिकचं चिन्ह (+) लावून शब्द सक्तीचा करायची सोय २०२१ मध्ये गेली. पूर्वी वेगवेगळ्या लिलावांत असलेले लोक त्यामुळे एकाच लिलावात आले. फिल्टर बदलून देणारा दुकानदार आणि नवं मशीन विकणारी कंपनी समोरासमोर उभे राहतात. कंपनीला एका विक्रीत जास्त सुटतात, म्हणून चढी बोली तिला परवडते, दुकानदाराला नाही. त्यातून सप्टेंबर २०२० पासून कमी वेळा शोधलेले शब्द रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत. छोट्या खात्यात याच शब्दांवर बरेच पैसे जातात. क्लिकचे पैसे आपण मोजायचे आणि शब्द मात्र कळणार नाही, हे अजिबात पटत नाही.

क्वालिटी, म्हणजे गुगलने जाहिरातीला आणि तिच्या पानाला दिलेली गुणवत्ता, सुधारली की भाव उतरतो, हे खरं आहे. ढोबळ हिशेब असा: खालच्या जाहिरातीची बोली ४० रुपये आणि गुणवत्ता ६, म्हणजे २४०. तुमची गुणवत्ता ८ असेल तर त्याला मागे टाकायला साधारण ३० रुपये लागतात. ४ असेल तर ६०. (प्रत्यक्ष लिलावात दिसणारा स्कोअर थेट वापरत नाहीत, पण दिशा हीच.)

इथपर्यंत 'जाहिरात आणि लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान) नीट करा, भाव उतरेल' हेच माझं मत होतं. अमेरिकेतल्या गुगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्याचा ऑगस्ट २०२४ चा निकाल वाचल्यावर ते बदलावं लागलं. दुसऱ्या क्रमांकाच्या जाहिरातीचा अंदाजित क्लिक-दर वर उचलून पहिल्याकडून जास्त वसूल करण्याची पद्धत त्यात नोंदली आहे. न्यायाधीश अमित मेहता यांनी हे मक्तेदारीच्या जोरावर लावलेले दर ठरवले. म्हणजे सगळी वाढ जाहिरातदाराच्या चुकीने होते असं नाही.

हातात उरतं ते निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात लागू नये ते शब्द. दर सोमवारी रिपोर्ट काढा, खर्चानुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे पन्नास शब्द वाचा. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द किंवा अनेकवचन पकडत नाही, म्हणून 'job', 'jobs', 'जॉब', 'नोकरी' आणि 'naukri' असे पाचही वेगळे टाका. मराठी-हिंदी शोध दोन्ही लिप्यांत येतात आणि इथेच बहुतेकांचे पैसे गळतात. लोकेशनमध्ये 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' (त्या भागात असलेले किंवा त्यात नुसता रस दाखवणारे) हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून फक्त 'प्रेझेन्स' करा. बोलीची पद्धत मॅक्सिमाइझ क्लिक्स असेल तर तिला कमाल सीपीसीची (एका क्लिकच्या भावाची) मर्यादा घाला. टार्गेट सीपीएला (एका कन्व्हर्जनचा ठरावीक खर्च धरून बोली लावणाऱ्या पद्धतीला) अशी मर्यादा हवी असेल तर पोर्टफोलिओ स्ट्रॅटेजी, म्हणजे अनेक कॅम्पेनना लावता येणारी सामाईक बोली-पद्धत, करावी लागते. नुसतं पान उघडणं कन्व्हर्जन (फोन, ऑर्डर यांसारखं हवं ते फळ) म्हणून मोजत असाल तर ते आधी बंद करा, नाहीतर यंत्रणा निरुपयोगी क्लिकवर चढी बोली लावत राहते.

आणि स्क्रीनवरच्या ५० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरा, क्लिक ५९ ला पडतो. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या) दुकानदाराला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे त्याने बोली ठरवताना ५९ हाच आकडा धरावा.