हॉटेलची रिक्वायरमेंट: फॉर्म पाठवावा की काउंटरवर बसावं?

हॉटेलचं कस्टम सॉफ्टवेअर करायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न समोर येतो. हॉटेलला सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवंय, म्हणजे रिक्वायरमेंट, हे कळण्यासाठी मालकांना प्रश्नांचा फॉर्म पाठवायचा, दोन बैठका घ्यायच्या, कागदावर सह्या करून घ्यायच्या आणि कामाला लागायचं; की दोन-तीन रात्री काउंटरमागे खुर्ची टाकून बसायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. स्टँडजवळच्या एका लॉजचं काम फॉर्मवर केलं, अंबाबाईच्या देवळाजवळच्या दुसऱ्या हॉटेलचं काउंटरवर बसून. दोन कामांवरून नियम निघत नाही, पण माझा कल कुठे आहे ते लपवतही नाही.

फॉर्मची बाजू आधी सांगतो, कारण ती कमी नाही. करासारख्या गोष्टी काउंटरवर बसून कधीच कळणार नाहीत. 22 सप्टेंबर 2025 ला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. कोल्हापुरात नवरात्राच्या खोल्या आधीच अॅडव्हान्स घेऊन बुक झालेल्या असतात. मग जुन्या दराने घेतलेल्या अॅडव्हान्सचं बिल कुठल्या दराने करायचं? ते सांगणं सीएचं काम. पण 'दर मध्येच बदलला तर?' हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये होता, म्हणून दर तारखेप्रमाणे ठेवायची सोय आधीपासून होती. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवणं, बिल रद्द करायचा अधिकार कोणाला, डिस्काउंट कोण देऊ शकतो, हेही कागदावरच ठरलेलं बरं. पुढे वाद झाला तर सही कामाला येते.

आता ज्या एका गोष्टीने माझं मन फिरवलं ती.

आमच्या फॉर्ममध्ये 62 प्रश्न होते. मालकांनी मनापासून, पेनने, स्वच्छ अक्षरात भरून दिला. पण सात ठिकाणी उत्तर एकच होतं: 'नेहमीप्रमाणे'. खोली लवकर दिली तर आकारणी कशी? नेहमीप्रमाणे. गर्दीच्या दिवसांत दर? नेहमीप्रमाणे. बैठकीत खोदून विचारलं तर म्हणाले, "चेकआउट दुपारी बाराला. त्यात काय विशेष नाही." त्यात टाळाटाळ नव्हती. वीस वर्षं जे रोज चाललंय ते माणसाला वेगळं काढून सांगताच येत नाही. आम्ही मात्र त्या सात जागा आमच्या समजुतीने भरल्या, सह्या घेतल्या आणि कोडिंगला लागलो.

सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर दुसऱ्याच रविवारी फोन आला: गल्ला आणि रिपोर्ट जुळत नाही. रात्री जाऊन बसलो. काउंटरवर लांबट रजिस्टर अजून उघडंच होतं. निळ्या शाईच्या नोंदी आणि समासात, खोली नंबरांसमोर, पेन्सिलीने बारीक 'अं'. रात्रपाळीच्या मामांना विचारलं, हे काय?

"ते अंगोळीचं गिऱ्हाईक हाय, साहेब. सकाळी गाडीनं येत्यात. अंगोळ करायची, कापडं बदलायची, देवीला जायाचं. खोली अकराला मोकळी. बाराला दुसऱ्याला द्याची."

मुंबईहून रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलेलं कुटुंब, चार तासांसाठी खोली, ठरावीक रक्कम. शनिवार-रविवारी अशा आठ-दहा खोल्या. आमचं सॉफ्टवेअर रात्रीच्या हिशेबाने खोली विकत होतं. एका तारखेला एक खोली दोनदा देता येते हे त्याला माहीतच नव्हतं. म्हणून मामा पहिलं गिऱ्हाईक कागदावर घेत आणि दुसरं कॉम्प्युटरवर. ते दुरुस्त करायचं म्हणजे बुकिंगच्या नोंदींचं टेबल, बिल, हाउसकीपिंगची यादी, दिवसाचा हिशेब बंद करायची वेळ, सगळंच उकलायला लागलं. जवळपास सहा आठवडे गेले, आणि सही आमच्या बाजूने असूनही त्याचे पैसे मागायला तोंड उघडलं नाही. मालकांनी खोटं काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या हॉटेलला शुक्रवार ते रविवार, तीन रात्री बसलो. पहिल्या रात्री काही कळलं नाही. लोक पाहुण्यासारखं वागवतात, चहा पाजतात, नीटनेटकं काम दाखवतात. दुसऱ्या रात्री गर्दी झाली आणि सगळे मला विसरले. तेव्हा दिसलं की एका ट्रॅव्हल्सच्या बसमधले 40 जण येतात तेव्हा आधी किल्ल्या वाटल्या जातात आणि आधार कार्डं नंतर गोळा होतात. म्हणजे आमची 'ओळखपत्राशिवाय पुढे जाता येणार नाही' ही स्क्रीन तिथे पाच मिनिटंही टिकली नसती. हे कुठल्या मालकाने फॉर्ममध्ये लिहिलं असतं, असं मला वाटत नाही.

या पद्धतीत त्रास आहेच. झोप जाते. प्रत्येक पाळीचा माणूस आपली एक मागणी सांगतो आणि ती सगळी मालकांना हवी असतेच असं नाही. काही मालकांना बाहेरच्या माणसाने गल्ल्याशेजारी बसलेलं आवडत नाही, तेही समजण्यासारखं आहे. आणि हायवेवरचं कंपन्यांच्या बुकिंगवर चालणारं हॉटेल असेल, मॅनेजर आधी एखादं सॉफ्टवेअर वापरलेला असेल, तर फॉर्म आणि एक लांब बैठक बहुधा पुरेल. तिथे 'नेहमीप्रमाणे' कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं.

पण देवीला येणाऱ्या माणसांवर चालणारं लॉज असेल, रजिस्टर हाताने लिहिलं जात असेल, तर मी आधी बसेन आणि फॉर्म नंतर देईन, तिथे दिसलेल्या गोष्टींवरूनच प्रश्न काढून. सह्या मग घ्याव्यात, जरूर घ्याव्यात.

सध्या जोतिबाच्या वाटेवरच्या एका लॉजचं काम आलंय. 62 प्रश्नांचे 24 केलेत, ते अजून पाठवलेले नाहीत. चैत्र यात्रेच्या आदल्या दोन रात्री काउंटरमागे बसायची परवानगी मात्र मालकांकडून घेऊन ठेवली आहे.