दोन दिवसांत लंगडणं थांबलं, तिथेच फसलो

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला दोन महिने राहिले होते आणि आमची घोडी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. गुडघ्याखालची मागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन) केळ्यासारखी फुगलेली, हात लावला की गरम.

ओळखीतून एक माणूस आला. म्हणाला, 'स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं इंजेक्शन देतो, फाटलेली शीर नवी होते.' सोबत गायी भरवणारे आणतात तसला नायट्रोजनचा कॅन. झाकण उघडलं, पांढरी वाफ खाली सांडली, आणि आमची खात्री पटली. बाटली मात्र त्यानं शेजारच्या थर्मासमधून काढली, हे मला फार नंतर आठवलं. लेबल खरवडलेलं. सुई दिली मानेत. रोख ३५ हजार घेतले, पावती नाही.

दोन दिवसांत घोडी सरळ चालायला लागली. मी स्वतः चार जणांना त्याचा नंबर दिला, त्याची लाज आजही वाटते. दहाव्या दिवशी रपेटीला काढली, तर बांध उतरताना पाय खचलाच.

मग सोनोग्राफी करणारे पशुवैद्य गाठले. त्यांनी पहिलं विचारलं, 'हिच्या छातीच्या हाडातला मगज किंवा अंगातली चरबी कुणी काढली होती का?' कुणीच नाही. सहसा जनावराच्याच मगजातून नाहीतर चरबीतून पेशी घेतात, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात आणि सोनोग्राफीत बघत थेट शिरेच्या फाटलेल्या जागी सोडतात. दुसऱ्या घोड्याच्या पेशींचं तयार औषधही असतं. युरोपात असं पहिलं औषध २०१९ मध्ये मंजूर झालं, पण ते सांध्यासाठी, आणि तेही सांध्यातच टोचायचं. मानेत सुई देऊन पायाची शीर विणली जात नाही. शिवाय शीर भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, पेशी टोचल्या तरी.

दोन दिवसांत गुण येतो तो स्टेरॉइडनं. डॉक्टरांच्या मते बाटलीत बहुतेक तेच होतं. सूज उतरते, दुखणं दबतं आणि बिचारं जनावर फाटक्या शिरेवर पूर्ण भार देतं. म्हणजे जो गुण आम्ही गावभर सांगत होतो, त्यानंच पाय घालवला.

वडील एवढंच म्हणाले, 'पैसा गया ते गया, आते घोडीले सांभाय.'

सध्या सकाळी दहा मिनिटं, घड्याळ लावून, दोर हातात धरून चालवतो. यंदा यात्रेला घोडी नाही. मी जाणार आहे, तापीकाठी कुठे वाफेचा कॅन उघडलेला दिसतो का ते बघायला.