दमवावे की निजानीज करावी?

चार-पाच वर्षांच्या दंगेखोर मुलाला वेळेवर झोपवण्यासाठी कोल्हापुरातील घरांत सहसा दोन सल्ले मिळतात: संध्याकाळी रंकाळ्यावर किंवा महावीर उद्यानात मनसोक्त पळवून दमवावे, किंवा घरीच आंघोळ, गोष्ट आणि अंधार हा क्रम रोज न चुकता पाळावा.

मोकळ्या हवेतील खेळ मुलाला हवाच. अडचण आहे ती वेळेची. दुकान किंवा कार्यालय आटोपून पालक घरी येईपर्यंत आठ वाजतात, मग चौपाटीवरचे दिवे, भेळ आणि आइस्क्रीम होऊन साडेनऊला परतलेले मूल दमलेले असले तरी शांत झालेले नसते. अति दमलेली मुले मलूल होण्याऐवजी पुष्कळदा चेकाळतात आणि घरचे मात्र त्याचा अर्थ ‘अजून दम शिल्लक आहे’ असा लावतात. म्हणून हा मार्ग निवडणाऱ्यांनी सातच्या आत परतावे. आजी-आजोबा सोबत नेऊ शकत असतील तरच ते जमते.

ठरलेल्या क्रमाचा परिणाम सावकाश दिसतो, पण त्याचा पाया पक्का आहे. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ घातल्यास त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, शरीरातील उष्णता बाहेर पडते आणि आतील तापमान उतरू लागले की झोप येणे सोपे जाते. प्रखर उजेडाने झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक दबते, आणि हा परिणाम लहान मुलांत मोठ्यांपेक्षा अधिक असतो. त्यामुळे ट्यूबलाइट आणि मोबाइल दोन्ही बंद हवेत. एकत्र कुटुंबात खरी कसोटी इथेच लागते, कारण मालिका पाहणाऱ्यांनाही आवाज कमी करावा लागतो. गोष्ट रोज तीच असली तरी चालते. कंटाळा आजीला येतो, नातवाला नाही.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास झोप हवी असते. मात्र साडेदहाला झोपणाऱ्याला एकदम साडेआठला आडवे केल्यास दोन तास झटापटच होईल. त्याऐवजी उठण्याची वेळ कायम ठेवून झोपेची वेळ दर काही दिवसांनी 15 मिनिटे अलीकडे आणावी.

दोन्ही जमत असल्यास उत्तम. एकच जमणार असेल, तर माझा कौल घरच्या क्रमाला आहे, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्यात मैदान कित्येक आठवडे हाती लागत नाही. मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास अडखळत असेल, तर मात्र या निवडीत न अडकता आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.